भाजीपाल्यावरील माव्याचा मित्रबुरशीने बंदोबस्त



भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो. गवार, चवळी, मिरची यांचीही तोडणी सारखी चालू असते. अशा पिकावर मावा पडला आणि आपण जहाल कीटकनाशक फवारले, तर डब्यावर स्पष्ट लिहिलेले असते की फवारणीनंतर अमुक दिवस माल तोडू नये. पण भेंडी थांबते का? दोन दिवस उशीर झाला की ती जून होते आणि बाजारात तिला कोणी हात लावत नाही. मग संध्याकाळी फवारणी आणि सकाळी तोडा, असा प्रकार होतो. तोच माल कोणाच्या तरी घरी शिजतो. आपल्याही घरी शिजतो.

ही अडचण खरी आहे. नुसते ‘असे करू नका’ म्हणून ती सुटणार नाही. तोड्याच्या पिकाला चालेल असा दुसरा उपाय हातात पाहिजे. तसा एक उपाय म्हणजे किडीला मारणारी बुरशी. ती दुकानात मिळते आणि पुष्कळांनी वापरलीही आहे. तरी ‘तिचा गुण येत नाही’ अशी तक्रार नेहमी कानावर येते. बहुतेक वेळा दोष बुरशीचा नसतो, वापरण्याच्या रीतीचा असतो. ती रीत या पत्रकात सांगितली आहे.

मावा इतक्या झपाट्याने का वाढतो?

मावा ही मऊ अंगाची, टाचणीच्या डोक्याएवढी कीड आहे. भेंडी व काकडीवर पिवळसर ते काळपट हिरवा, चवळी व वालावर काळा चकचकीत, मिरचीवर हिरवा, तर कोबी-फ्लॉवरवर राखाडी, मेण लावल्यासारखा मावा दिसतो. तो कोवळे शेंडे आणि पानांची मागची बाजू धरून बसतो आणि सोंडेने रस शोषतो.

आपल्याकडील हवामानात माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले घालतात. त्यांना अंडी उबवण्याचीही गरज नसते. पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांत वयात येते आणि तेही पिल्ले घालू लागते. म्हणून सोमवारी चार शेंड्यांवर दिसलेला मावा पुढच्या आठवड्यात सगळ्या वाफ्यात दिसतो. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यावर काळी काजळी धरते आणि पान आपले अन्न तयार करू शकत नाही. गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि माव्याचे शत्रू हाकलून लावतात. तेव्हा झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की थांबून पान उलटून बघावे. मावा आल्याची ती पहिली वर्दी असते.

किडीलाही बुरशी होते

पिकाला बुरशीचे रोग होतात हे आपल्याला माहीत आहे. किडीलाही होतात. पावसाळ्यात सोयाबीनवर पाने खाणारी अळी पांढरी पडून, ताठ होऊन पानाला चिकटलेली आपण पाहिली असेल. ती औषधाने मेलेली नसते, बुरशीने मेलेली असते. निसर्गात हे काम फुकट चालू असते. आपण फक्त त्याला हात लावायचा.

ही विद्या तशी जुनी आहे. इटलीत अगोस्टिनो बासी यांनी १८३५ साली दाखवून दिले की रेशीम किड्यांचा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो. त्यांच्या नावावरूनच त्या बुरशीला ‘बिव्हेरिया बॅसियाना’ म्हणतात. माव्यासाठी मात्र आपल्याकडे प्रामुख्याने ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ वापरतात. शास्त्रज्ञांनी २००१ साली तिचे नाव बदलून ‘लेकॅनिसिलियम’ केले, त्यामुळे पुडीवर यातले कोणतेही नाव असू शकते. नाव वेगळे दिसले म्हणून गोंधळू नये.

बुरशीच का, असे कोणी विचारील. अळीसाठी आपण बी.टी. जिवाणू वापरतो, पण तो अळीच्या पोटात जावा लागतो. मावा पान कुरतडत नाही, आतला रस पितो, म्हणून पानावर फवारलेला जिवाणू त्याच्या पोटात जात नाही. बुरशीला तोंडाची वाट लागत नाही, ती अंगावर पडली तरी काम करते.

ते काम कसे होते, बघा. बुरशीचे बीजकण माव्याच्या कातडीला चिकटतात. ओल मिळाली की बी रुजावे तसे रुजतात, कोंब काढतात आणि कातडी विरघळवून आत शिरतात. आत बुरशी वाढते, मावा रस प्यायचा थांबतो आणि मरतो. याला चार ते सात दिवस लागतात. हवा दमट असेल तर मेलेल्या माव्याच्या अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी येते आणि तिचे कण शेजारच्या माव्यावर पडतात.

म्हणजे ही पावडर औषध कमी आणि विरजण जास्त आहे. विरजण उकळत्या दुधात घातले तर मरते, कोमट दुधात घातले तर दही लागते. दही लागायला रात्रही द्यावी लागते. तासाभराने भांड्यात बोट घालून ‘लागलं नाही’ म्हणून कोणी दूध ओतून देत नाही. बुरशीचेही तसेच आहे. ती जिवंत आहे, एवढे मनात पक्के धरले तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

एक चुकलेली फवारणी

२०२२ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. माझ्या भागातील एका शेतकऱ्याची वीस गुंठे भेंडी होती. शेंड्यांवर मावा होता. मी चिठ्ठीवर लिहून दिले : व्हर्टिसिलियम लेकॅनी, पाच ग्रॅम प्रति लिटर पाणी. त्यांनी ते आणले आणि सकाळचा तोडा आटोपून, माल गाडीवर चढवून अकरा वाजता फवारणी केली. त्याआधी दोन दिवस भुरीसाठी गंधक फवारले होते, त्याच पंपाने, आणि पंप नुसता पाण्याने हिसळून घेतला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, “साहेब, तुमची पावडर काही कामाची नाही. मावा जसाच्या तसा आहे.” चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी जहाल औषध मारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोडा केला.

मी त्यांना दोष देत नाही. चिठ्ठीवर प्रमाण लिहिले होते, वेळ लिहिली नव्हती. गंधकाचे मी विचारले नव्हते. गुण यायला आठवडा लागतो हेही सांगितले नव्हते. उन्हाने काही कण मेले, गंधकाने काही मेले, उरलेल्यांना वेळच मिळाला नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात त्याच रानात चवळी होती आणि मावा पुन्हा आला. या वेळी आम्ही दोघांनी मिळून फवारणी केली. मावा थोडा असतानाच, पाणी दिल्यानंतर, सूर्य कलल्यावर आणि स्वच्छ पंपाने. सहाव्या दिवशी पानामागे पांढरे कापसाचे ठिपके दिसले. आठ दिवसांनी दुसरी फवारणी दिली. त्या चवळीला जहाल औषध लागले नाही आणि तोडा एकदाही थांबला नाही. पावडर तीच होती, फक्त रीत बदलली होती.

वेळ कोणती साधावी?

१. मावा थोडा असतानाच सुरुवात करावी. आठवड्यातून दोनदा रानात तिरपे चालून वीस-पंचवीस झाडांची पाने उलटून बघावीत. पानामागे दोन-चार मावा दिसू लागले की फवारावे. शेंडे काळे पडून पाने गोळा झाल्यावर बुरशीला वेग गाठता येत नाही.

२. फवारणी सायंकाळी, साधारण पाचनंतर करावी. कडक ऊन बीजकणांना मारते. सायंकाळी फवारले की रात्रभराची ओल व थंडावा मिळतो आणि कण रुजतात. मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात.

३. हवेत ओल हवी. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंतचे दिवस, ढगाळ हवा, सकाळी दव पडते असा काळ चांगला. तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान असावे. पारा पस्तीसच्या वर गेला आणि हवा कोरडी असली तर या उपायावर भिस्त ठेवू नये. कोकणातील दमट हवेत हंगाम जास्त मिळतो, मराठवाडा-विदर्भातील एप्रिल-मेमध्ये मात्र नाही.

४. शक्य असेल तर फवारणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पिकाला पाणी द्यावे. रानात गारवा राहतो. जोराचा पाऊस येण्याची चिन्हे असतील तर मात्र फवारणी पुढे ढकलावी, कण धुऊन जातात.

प्रमाण व फवारणीची पद्धत

पावडर असेल तर लिटरला ५ ग्रॅम घ्यावी. म्हणजे १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ७५ ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी लागत असेल तर एक किलो पावडर लागेल. पीक लहान असेल आणि १०० लिटर पाणी पुरत असेल तर अर्धा किलो. द्रवरूप माल असेल तर बाटलीवरील प्रमाण पाळावे.

पावडर थेट पंपात टाकू नये. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, पातळ फडक्यातून गाळावी, मग पंपात ओतावी. नाहीतर नोझल तुंबते. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे, उद्यासाठी ठेवू नये.

कोबी-फ्लॉवरच्या पानावर आणि त्यावरील माव्याच्या अंगावरही मेण असते, पाणी घरंगळून जाते. म्हणून बुरशीला चालेल असे चिकटणारे द्रव्य, त्याच्या बाटलीवरील प्रमाणात, जरूर मिसळावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोझल वरच्या दिशेला वळवून पानाच्या मागच्या बाजूला फवारा पोचवावा. मावा तिथे बसतो. वरून पान ओले दिसले म्हणजे काम झाले असे नाही. बुरशी झाडाच्या रसातून फिरत नाही. ज्या माव्यावर थेंब पडला नाही, तो वाचला.

एका फवारणीवर थांबू नये. मावा वाढताना चार वेळा कात टाकतो. कण रुजून आत शिरण्यापूर्वी कात पडली, तर कातीबरोबर कणही जातात. शिवाय नवी पिल्ले रोज जन्मत असतात. म्हणून आठ ते दहा दिवसांनी दुसरी आणि गरज पडल्यास तिसरी फवारणी करावी.

काय मिसळू नये?

बुरशीनाशक हे या बुरशीचेही नाशक आहे. गंधक, मँकोझेब, ताम्रयुक्त औषधे, बोर्डो मिश्रण यांपैकी काहीही तिच्यात मिसळू नये. ही औषधे आणि मित्रबुरशी यांच्या फवारणीत पुढे-मागे किमान एक आठवड्याचे अंतर ठेवावे. बुरशीनाशकाचा पंप, नळी व नोझल धुण्याच्या सोड्याने आणि भरपूर पाण्याने धुवावेत. जमल्यास मित्रबुरशीसाठी वेगळाच पंप ठेवावा.

५ टक्के निंबोळी अर्क हा चांगला जोडीदार आहे, पण एकाच पंपात कालवू नये. आज बुरशी फवारली तर चार-पाच दिवसांनी अर्क द्यावा. त्यासाठी ५ किलो निंबोळ्या भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळून एकूण १०० लिटर पाणी करावे.

काम झाले की नाही, कसे ओळखावे?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मावा जिवंतच दिसेल. घाबरू नये. पाचव्या ते सातव्या दिवशी बारकाईने बघावे. पानामागे तीन प्रकारची ‘प्रेते’ दिसतात आणि त्यांत गल्लत होते.

पांढरी, पोकळ, फुंकरीने उडणारी टरफले म्हणजे माव्याची कात. ती बुरशी नव्हे, उलट मावा वाढत असल्याची खूण आहे. फुगलेला, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा मावा आणि त्याला गोल भोक, हे एका बारीक मित्र गांधीलमाशीचे काम. तिने आत अंडे घातलेले असते. तो मावा चिरडू नये. आणि कापसाच्या पांढऱ्या वलयात गुंडाळलेला, पानाला चिकटलेला मावा म्हणजे आपल्या बुरशीचा बळी.

हवा कोरडी असेल तर मेलेल्या माव्यावर कापूस दिसत नाही. तेव्हा डब्याची परीक्षा करावी. झाकणाच्या डब्यात ओले करून पिळलेले फडके अंथरावे, त्यावर मेलेले वीस-पंचवीस मावा ठेवून झाकण लावावे आणि डबा घरात सावलीत ठेवावा. दोन-तीन दिवसांत त्यांच्यावर पांढरा कापूस आला तर बुरशी लागली आहे.

हीच परीक्षा पावडर विकत आणल्यावर, रानात फवारण्यापूर्वीही करता येते. मावा असलेली दोन पाने घ्यावीत, देठांना ओला कापूस गुंडाळावा. एक पान पावडरीच्या पाण्यात बुडवून आणि दुसरे नुसत्या पाण्यात बुडवून, वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे. आठवड्याने दोन्ही बघावेत. पहिल्या डब्यातही मावा दुसऱ्याइतकाच मजेत असेल, तर ती पावडर मेलेली आहे असे समजावे. मात्र यात आठवडा जातो, म्हणून पावडर हंगामाच्या सुरुवातीलाच आणून ही परीक्षा उरकून घ्यावी.

खरेदी करताना

पुडीवर नोंदणी क्रमांक, बुरशीचे नाव, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची अंतिम तारीख बघावी. एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत कण असावेत, तो आकडाही पुडीवर छापलेला असतो. मुदत संपत आलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. दुकानात पुडी उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवली असेल तर दुसरीकडून घ्यावी. आपणही ती दुचाकीच्या डिकीत दिवसभर ठेवू नये. घरी थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कृषी विज्ञान केंद्रात आणि कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रात चौकशी करावी. पक्के बिल घ्यायला विसरू नये.

बुरशी काय करू शकत नाही?

मिरची, चवळी, भोपळावर्गीय पिके यांत मावा विषाणू रोगही पसरवतो. पंख असलेला मावा पानात सोंड खुपसतो आणि काही क्षणांतच रोग देऊन जातो. चार दिवसांनी मारणारी बुरशी हे रोखू शकत नाही. तिथे रोपवाटिकेवर बारीक जाळी, रोगट झाडे उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावून पंखांच्या माव्यावर नजर ठेवणे, हे उपाय हवेतच.

युरियाचा जादा हप्ता देऊन झाड लुसलुशीत केले, तर मावा वाढतच राहणार. खत शिफारशीनुसारच द्यावे. कोबीच्या रानात मधूनमधून मोहरीच्या ओळी घालाव्यात. मावा आधी मोहरीवर येतो आणि तिथेच गाठता येतो. ढालकिडा आणि त्याची काटेरी अळी माव्यावरच जगतात, त्यांना शत्रू समजून मारू नये.

आणि एवढे करूनही मावा हाताबाहेर गेला, तर त्या पिकासाठी शिफारस केलेले रासायनिक औषध वापरावे लागेल. लागले तर वापरावे, पण लेबलवरचे थांबायचे दिवस पाळावेत. त्या काळात तोडलेली भाजी बाजारात नेऊ नये, घरी खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये.

खबरदारी

ही बुरशी माणसाला विषारी नाही. त्यामुळे फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तोडा करता येतो. तरीही पुडीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. पावडर नाकात गेल्यास काहींना शिंका, खोकला किंवा अंगाला खाज येते, म्हणून कालवताना नाकाला फडके बांधावे, हात धुवावेत. भाजी धुऊनच वापरावी.

रेशीम उद्योग करणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. वर सांगितलेली बिव्हेरिया बुरशी रेशीम किड्याला मारते. ज्यांच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे तुती आहे, त्यांनी किडींसाठीची कोणतीही बुरशी तुतीजवळ फवारू नये आणि फवारणीच्या कपड्यांनी कीटक संगोपनगृहात जाऊ नये.

हे लक्षात ठेवा

• मावा थोडा असतानाच पहिली फवारणी.
• सायंकाळची वेळ, रानात ओल.
• लिटरला ५ ग्रॅम, गाळून, पानाच्या मागच्या बाजूला.
• बुरशीनाशकापासून आठवडाभर दूर, पंप स्वच्छ.
• पाच ते सात दिवस धीर. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी.
• शंका आली तर डब्याची परीक्षा.

पहिल्या वेळी सगळ्या रानात वापरू नका. चार वाफ्यांवर करून बघा, पाचव्या दिवशी पान उलटा आणि काय दिसले ते कार्यक्रमाला पत्राने कळवा. गुण आला तरी कळवा आणि नाही आला तरी कळवा. फवारणीची वेळ, हवा कशी होती आणि आधी काय फवारले होते, हे पत्रात जरूर लिहा. चूक कुठे झाली ते त्यावरूनच सांगता येईल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी